पोळा ते एकतीस डिसेंबर : सोसायटीतला सणांचा कारभार

विदर्भातल्या सोसायट्यांमध्ये सणांचा हंगाम पोळ्यापासून सुरू होतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. फ्लॅटमध्ये बैल नसतो, गोठाही नसतो. पण लाकडी नंदीबैल असतो. संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाजूला काढतात, आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात आणि मुले चाकांवरचे नंदी घेऊन रांगेत उभी राहतात. सजावटीला बक्षिसे मिळतात, मग मुले घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ आणि पैसे, गोळा करतात. कार्यक्रम जेमतेम दीड-दोन तासांचा. पण सोसायटीच्या कारभाराची पहिली परीक्षा त्यातच होते. गाड्या कोणी आणि कुठे काढायच्या, बक्षिसांचे पैसे कुठून आणायचे, ज्या घरात लहान मूल नाही त्यांनी वर्गणी द्यायची का, आणि दुसऱ्या दिवशी सुकलेले तोरण कोणी उतरवायचे? पुढचे चार महिने हेच चार प्रश्न वेगवेगळ्या रूपांत परत येतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा हंगाम बराच भरगच्च असतो. पोळ्यामागोमाग गणपती, त्यातच महालक्ष्म्या, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई, नवरात्रात शारदा-दुर्गा आणि गरबा, मग दिवाळी. कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंट आणि कागद कारखान्यांमुळे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस या पट्ट्यात अनेक प्रांतांची माणसे एका जिन्यावर राहतात. त्यामुळे तेलुगू घरांची बतुकम्मा आणि उत्तर भारतीय कुटुंबांची छठपूजाही याच दिवसांत येते. गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागातल्या बंगाली वसाहतींत दुर्गापूजा होते. चंद्रपुरात १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाचा सोहळा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे धम्मदीक्षा दिली, त्याचे हे स्मरण. त्या दोन दिवसांत शहरातल्या अनेक घरांत बाहेरगावचे पाहुणे उतरतात. दिवाळीनंतर पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडईची जत्रा भरते, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि शहरात नोकरी करणारी माणसे त्यासाठी पुन्हा गावी जातात. नाताळ आणि ३१ डिसेंबरला हंगाम संपतो.

अपार्टमेंट, सोसायटी आणि लेआउट

सणाबाबतचा निर्णय कोणी घ्यायचा हे इमारत कोणत्या कायद्याखाली आहे त्यावर ठरते. बोलण्यात सगळ्यांनाच ‘सोसायटी’ म्हणतात. कायद्यात मात्र दोन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदवलेली असते. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते, रहिवासी तिचे सभासद असतात. कारभार व्यवस्थापक समिती पाहते. सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा. २०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

दुसरा प्रकार अपार्टमेंट ओनर्स असोसिएशनचा, म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालचा. यात फ्लॅट ज्याचा त्याच्या मालकीचा असतो. जिना, गच्ची, पार्किंग, अंगण अशा सामाईक जागांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो. हा हिस्सा किती टक्के, हे घोषणापत्रात लिहिलेले असते आणि सामाईक खर्चही त्याच प्रमाणात वाटला जातो. सामाईक जागा ज्या कामासाठी आहे त्या कामासाठी प्रत्येकाने वापरावी आणि इतरांच्या कायदेशीर हक्काला अडथळा आणू नये, असे हा अधिनियम सांगतो. सणासुदीतले निम्मे वाद या एका वाक्यापाशी येऊन थांबतात.

या दोन जिल्ह्यांत तिसराही प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसतो, तो लेआउटचा. प्लॉट पाडून विकलेल्या वस्तीत घरे स्वतंत्र असतात, मधे एक मोकळी जागा असते, तिथे बहुतेक वेळा हनुमान मंदिर असते आणि एखादे मंडळ किंवा नागरिक समिती सणांचे पाहते. अशी समिती नोंदणीकृत नसेल तर तिला कोणावर कसलीही सक्ती करता येत नाही. तिचे सगळे काम संमतीवर चालते. वीज केंद्राची ऊर्जानगर वसाहत, कोळसा कंपनी वेकोलिच्या वसाहती किंवा गडचिरोलीतली सरकारी निवासस्थाने यांचे आणखी वेगळे. तिथे जागा कंपनीची किंवा शासनाची असते, त्यामुळे मंडपासाठी परवानगीही त्यांच्याकडूनच घ्यावी लागते.

ठराव आधी, मंडप नंतर

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. आदर्श उपविधींनुसार तिची सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते. बऱ्याच संस्था ही सभा सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी उरकतात. तोवर गणपती येऊन गेलेले असतात, खर्च झालेला असतो आणि सभेत त्या खर्चावरून भांडण होते. ही सभा जुलै-ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी घेतली तर तोच विषय अंदाजपत्रक म्हणून मांडता येतो. पैसे खर्च होण्यापूर्वी झालेली चर्चा सहसा अर्ध्या तासात संपते.

या सभेत पाच गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवणे पुरेसे असते. पहिली, सामाईक जागेत कोणते सण साजरे होणार. दुसरी, प्रत्येक सणासाठी कोणती जागा किती दिवस वापरायची. तिसरी, पैसा कुठून येणार आणि खर्चाची कमाल मर्यादा किती. चौथी, कार्यक्रम रात्री किती वाजता थांबणार. पाचवी, प्रत्येक सणाची जबाबदारी कोणत्या दोन-तीन माणसांवर. व्यवस्थापक समितीच सगळे सण करत राहिली तर दिवाळीपर्यंत ती थकते आणि पुढच्या वर्षी सचिव व्हायला कोणी पुढे येत नाही. म्हणून उत्सव उपसमिती वेगळी असलेली बरी. तीत किमान एक भाडेकरू असावा. चंद्रपूरसारख्या नोकरदारांच्या शहरात प्रत्यक्ष राहणाऱ्यांत भाडेकरूंची संख्या मोठी असते. सभेत मत देण्याचा अधिकार त्यांना नसतो. पण मंडपात राबणारे बरेच हात त्यांचेच असतात.

कोणते सण, हा प्रश्न नाजूक असतो. एका जिन्यात हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख कुटुंबे असतात तेव्हा ‘आपल्याकडे गणपतीच होतो’ हे उत्तर चालत नाही. सामाईक जागा मिळण्याचे नियम सर्वांना सारखे असावेत: ठरावीक दिवस आधी लेखी अर्ज, ठरावीक वेळ, वापरानंतर सफाई. मग तो अर्ज गणपतीचा असो, बुद्धपौर्णिमेचा, ईद मिलनाचा, बतुकम्माचा की नाताळचा. नियम एकच असला की समितीला धर्माचा न्याय करत बसावे लागत नाही.

वर्गणी आणि पावती पुस्तक

सणाची वर्गणी ऐच्छिक असते. मेन्टेनन्स म्हणजे इमारतीच्या सेवांचा खर्च. सहकारी संस्थेत सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान असते, अपार्टमेंटमध्ये ते हिश्शाच्या टक्केवारीने आकारले जाते. या बिलात ‘उत्सव निधी’ अशी ओळ परस्पर घुसवली की ज्याला तो सण नको आहे त्याच्यावरही सक्ती होते, आणि न भरलेली रक्कम थकबाकी म्हणून पुढे सरकत राहते. म्हणून वर्गणीचे पावती पुस्तक मेन्टेनन्सच्या पावत्यांपासून वेगळे ठेवावे आणि खर्चाचा हिशेबही वेगळा लिहावा.

अंदाजपत्रक करताना सगळे देतील असे धरून चालू नये. समजा २४ फ्लॅट आहेत आणि वर्गणी ५०० रुपये ठरली. कागदावर १२,००० रुपये होतात. चार फ्लॅट बंद असतील, दोन घरे देणार नसतील, तर हातात ९,००० येतात. खर्चाची मर्यादा नऊ हजारांवर बेतली तर शेवटच्या दिवशी सचिवाला स्वतःच्या खिशातून मंडपवाल्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. जी घरे देत नाहीत त्यांची नावे फलकावर किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ऐच्छिक वर्गणीत थकबाकीदार हा प्रकारच नसतो, त्यामुळे देणाऱ्यांची यादी लावली तरी पुरे.

बाहेरच्या लोकांकडून, दुकानदारांकडून किंवा रस्त्यावर पेटी ठेवून पैसे गोळा करायचे असतील तर गोष्ट बदलते. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी जनतेकडून निधी जमवताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील तरतुदी लागू होतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते. सोसायटीचा गणपती बाहेरच्या वर्गणीविना करणे सोयीचे ठरते, ते यासाठीही.

जागा, वीज आणि आग

मंडप बहुधा पार्किंगमध्ये येतो. तो घालताना दोन वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत: जिन्यातून रस्त्यापर्यंत माणसांची आणि फाटकातून इमारतीपर्यंत अग्निशमन गाडीची किंवा रुग्णवाहिकेची. दहा दिवस ज्यांची पार्किंगची जागा जाते त्यांना पर्यायी जागा कोणती, हे मंडपाचा पहिला बांबू रोवण्याआधी ठरवावे. फाटकाबाहेर रस्त्यावर मंडप घालायचा असेल तर महानगरपालिका किंवा नगर परिषदेची आणि पोलिसांची परवानगी लागते.

महालक्ष्म्यांच्या दिवशी वेगळीच धांदल असते. विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठांच्या पूजनाला पुरण, आंबील, कढी आणि सोळा भाज्यांचे जेवण करून नातलगांना, शेजाऱ्यांना बोलावतात. एखाद्या फ्लॅटमध्ये शंभर-दीडशे पाने उठतात. कार्यक्रम घरगुती असला तरी ताण सामाईक गोष्टींवर येतो. पाण्याची टाकी दुपारीच तळ गाठते, लिफ्ट भांड्यांच्या फेऱ्यांत अडकते, पाहुण्यांच्या गाड्या फाटकात उभ्या राहतात. ज्या घरांत महालक्ष्म्या बसतात त्यांनी आठवडाभर आधी समितीला कळवले, तर त्या दिवशी बोअरवेलची मोटर एकदा जास्त चालवता येते, टँकर सांगता येतो आणि गाड्यांसाठी शेजारचा मोकळा प्लॉट मागून घेता येतो.

विजेबाबत दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे मंडपाची रोषणाई जिन्याच्या कॉमन मीटरला जोडणे. त्या मीटरचा मंजूर भार लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एवढ्यापुरताच असतो. मंडपासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. ती घ्यावी आणि जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. दुसरी चूक जुन्या पद्धतीच्या दिव्यांची. ४०० वॅटचे चार मेटल हॅलाइड दिवे रोज पाच तास दहा दिवस लावले तर ८० युनिट वीज जाते. त्यांच्या जागी ५० वॅटचे चार एलईडी फ्लडलाइट लावले तर १० युनिट.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. जुलैची तपासणी नीट झाली तर हंगामाची तयारी तिथेच सुरू होते. अग्निशामक सिलिंडर भरलेले आहेत का, ते वापरता येणारी किमान चार माणसे इमारतीत आहेत का, जिन्यातल्या मीटरच्या खोलीत जुने फर्निचर रचून ठेवलेले नाही ना, एवढे पाहायला एक सकाळ पुरते. मंडपात समई रात्रभर तेवत ठेवायची असेल तर कोणीतरी जागे राहिले पाहिजे. दिवाळीत जिन्याच्या कठड्यावर पणत्या लावतात आणि ओढण्या, साड्यांचे पदर, लहान मुले यांची ये-जा तिथूनच असते, म्हणून पणत्या जिन्यात लावू नयेत, दारात लावाव्यात.

आवाज आणि फटाके

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० देशभर लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य शासनाला वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी ही मर्यादा मध्यरात्री १२ पर्यंत वाढवता येते. त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी दरवर्षी जाहीर करतात. इतर दिवशी दहा म्हणजे दहाच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरमध्ये, ती ५० आणि ४० आहे. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणून ५५ आणि ७५ यांत थोडाच फरक आहे असे वाटले तरी तो शंभरपट असतो. चारही बाजूंनी भिंती असलेल्या पार्किंगमध्ये तोच आवाज घुमून वरच्या मजल्यापर्यंत चढतो. सोसायटीच्या आरतीला टाळ आणि ढोलकी पुरते.

फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २३ ऑक्टोबर २०१८ चा निकाल मार्गदर्शक आहे. त्याने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली, कमी प्रदूषण करणाऱ्या हरित फटाक्यांचीच विक्री व्हावी असे सांगितले आणि फटाक्यांच्या लडींवर बंदी घातली. चंद्रपूरकरांसाठी या निकालाला जास्त अर्थ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत अगदी वरच्या क्रमांकांवर होते. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही या शहराचा समावेश आहे. थंडी पडू लागली की धूर जमिनीलगत अडकून राहतो आणि दिवाळी नेमकी त्याच वेळी येते. दम्याचे रुग्ण, तान्ही बाळे, म्हातारी माणसे आणि मोती-टायगरसारखी पाळीव कुत्री यांना हे दोन तास जड जातात. फटाक्यांसाठी पार्किंगपासून दूर एक जागा आखून द्यावी, तिथे पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले ठेवावे, आणि गच्चीवरून बाण सोडण्याला ठरावानेच बंदी घालावी.

विसर्जन, साठलेले पाणी आणि डास

चंद्रपुरात मूर्तींचा भार इरई नदी आणि गोंडकालीन रामाळा तलावासारख्या पाणवठ्यांवर येतो, गडचिरोली जिल्ह्यात गावतलाव आणि वैनगंगेवर. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे निर्देश दिले. सोसायटीसाठी त्याहून सोपा मार्ग आहे. दीड-दोन फुटांची मातीची मूर्ती मोठ्या टाकीत किंवा पिंपात विरघळते, माती बागेत जाते, निर्माल्याचे खत होते. सामाईक गणपतीबरोबर घरोघरचे गणपतीही त्याच टाकीत विसर्जित केले तर मुलांना पुलावरच्या गर्दीत न्यावे लागत नाही.

मात्र टाकी तशीच भरलेली राहू देऊ नये. पावसाळा संपण्याचे हे दिवस डासांचेही असतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मलेरियाच्या बाबतीत गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांपैकी एक राहिला आहे. पाणी साचण्याच्या जागा ठरलेल्या असतात: विसर्जनाच्या टाक्या, मंडपाच्या ताडपत्रीवरचे खळगे, रिकामे पाणीजार आणि सर्वांत मोठी जागा म्हणजे बाल्कनीतले कूलर. उन्हाळा संपला तरी कूलरच्या टाकीत पाणी राहून जाते. दिवाळीला पंधरा दिवस घर बंद ठेवून माणसे गावी गेली की त्या कूलरकडे पाहणारे कोणी नसते. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे काम सणांच्या यादीतच लिहावे.

उरलेले अन्न आणि बिबट

शहरातल्या सोसायटीच्या पुस्तकात सहसा नसणारे एक प्रकरण या दोन जिल्ह्यांत असावे लागते, ते वन्यप्राण्यांचे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प चंद्रपूरच्या उत्तरेला आहे. वीज केंद्र, कोळसा खाणी आणि त्यांच्या वसाहतींच्या कडेने झुडपी जंगल पसरले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार आणि दुर्गापूर भागात बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा मृत्युमुखी पडला. अस्वलेही वस्तीच्या कडेला दिसतात.

बिबट वस्तीत सहसा माणसासाठी येत नाही. तो कुत्री आणि डुकरे शोधत येतो, आणि ती येतात कचऱ्यासाठी. महाप्रसाद, महालक्ष्म्यांची जेवणे, नवरात्रातला भंडारा, दिवाळीचा फराळ यांनी याच दिवसांत ओला कचरा वाढतो. पत्रावळी मागच्या भिंतीपलीकडे फेकल्या की रात्री तिथे कुत्र्यांची टोळी जमते आणि काही दिवसांत तिच्यामागे दुसरे कोणी. जंगलालगतच्या वस्तीत म्हणूनच महाप्रसादाचा कचरा त्याच रात्री बंद झाकणाच्या डब्यात जायला हवा. घंटागाडी सुटीच्या दिवशी येणार नसेल तर ते आधी विचारून ठेवावे. मागच्या कुंपणाजवळचे दिवे मंडपातल्या रोषणाईपेक्षा आधी दुरुस्त करावेत. वाढलेली झुडपे कापून घ्यावीत, मुलांनी अंधारात एकटे फाटकाबाहेर जाऊ नये, आणि आरती किंवा गरबा संपल्यावर लेआउटच्या टोकाच्या घरांतल्या माणसांनी एकत्र परतावे. वन्यप्राणी दिसला तर त्याच्यामागे मोबाइल घेऊन धावण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कुलूपबंद घरे

दिवाळीत सोसायटी एका आठवड्यात गजबजते आणि दुसऱ्या आठवड्यात ओस पडते. गडचिरोलीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांत बाहेरच्या जिल्ह्यांतले बरेच जण असतात. लक्ष्मीपूजनाआधीच ते गावाकडे निघतात. एका मजल्यावरची चारही घरे बंद, अशी अवस्था होते. चोऱ्या बहुधा अशाच दिवसांत होतात.

यावर उपाय साधे आहेत. कोण कधीपासून कधीपर्यंत नाही, याची नोंद सचिवाकडे वहीत असावी. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये, कारण तो मजकूर कुठवर जातो हे कोणालाच सांगता येत नाही. वर्तमानपत्र आणि दूध बंद करावे, कारण दाराशी साचलेले पेपर घर रिकामे असल्याचे सांगतात. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. निघताना गॅसचा रेग्युलेटर, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि देवघरातला दिवा बंद केल्याची खात्री करावी, आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. बंद घरातून पाणी वाहू लागले तर खालच्या घराचे छत त्या किल्लीमुळेच वाचते. ज्या इमारतीत बरीच घरे बंद राहणार असतील तिने जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून ठेवावे. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहे.

या सगळ्याचा भार वॉचमनवर पडतो, आणि सण त्यालाही असतो. तो एजन्सीचा माणूस असेल तर कायद्याने देय असलेला बोनस एजन्सीने द्यायचा असतो. सोसायटीची दिवाळी ही वेगळी, रिवाजाची गोष्ट. घरोघर जाऊन मागायला लावण्यापेक्षा सगळ्या घरांची रक्कम एकत्र करून वॉचमन, सफाई कामगार, लिफ्ट आणि पंप पाहणारा यांना धनत्रयोदशीच्या आत पाकीट द्यावे. वॉचमनला लक्ष्मीपूजनाची किंवा भाऊबीजेची सुटी हवी असेल तर बदली माणूस आधी ठरवावा. बदली न ठरवता सुटी दिली की नेमकी रिकामी इमारतच रात्री राखणीविना राहते.

वर्षाची शेवटची रात्र

कोजागिरीचे मसाला दूध आणि ३१ डिसेंबरचे जेवण, दोन्हींसाठी जागा गच्चीचीच. कठड्याची उंची, टाकीजवळचे निसरडे, अंधारातली वायर, हे तपासण्याची कामेही सारखीच. फरक पेयाचा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथल्या गच्चीवर दारूची मैफल म्हणजे सरळ गुन्हा. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठली. तरी गच्ची ही सर्वांची सामाईक जागा आहे आणि तिथे काय चालेल हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे असते. ज्या सोसायट्या पाहुण्यांची संख्या, गच्चीचे दार बंद करण्याची वेळ आणि संगीत थांबण्याची वेळ आधीच फलकावर लावतात, तिथे वर्षाच्या पहिल्या सकाळी पोलिसांत तक्रार करायला कोणी जात नाही.

हंगामाचा हिशेब जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडावा: सणनिहाय जमा, सणनिहाय खर्च, पावत्यांची फाइल, शिल्लक. शिल्लक पुढच्या वर्षीच्या उत्सव खात्यात बँकेतच राहावी, कोणाच्या कपाटात नको. आर्थिक वर्ष संपायला तेव्हा तीन महिने उरलेले असतात, त्यामुळे लेखापरीक्षकापुढे कागद तयार असतात आणि पुढच्या पोळ्याआधीच्या सभेत तोच कागद अंदाजपत्रकाचा पाया होतो. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्रही जानेवारीतच पुन्हा द्यायचे असते.